तीन सूत

गॅरेजचं दार वर सरकलं तेव्हा आत गाडी दिसली नाही. गाडीच्या जागी एक लांबट पांढरा फ्रीझर होता, पेटीसारखा वर उघडणारा. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये फळ्यांची चौकट बसवलेली होती आणि त्या चौकटीतून चार नळ बाहेर आले होते. पहिल्या नळावर हातोडीचा दांडा उभा होता, दुसऱ्यावर चांभाराचं लाकडी कलबूत, तिसऱ्यावर लाटणं. चौथा नळ बोडका होता.

"तो तुझ्यासाठी ठेवलाय," काका म्हणाले. "आज त्याला मूठ बसवायची."

या अंकासाठी संपादकांनी 'मूठ' हा विषय दिला तेव्हा मला तलवारी, बियांची पेरणी, झाकली मूठ असं बरंच काही सुचून गेलं. पण लिहायचं तर जाऊन, बघून, हाताळून लिहायचं होतं. मी शिकागोला राहते. गणपतीत भेटणारे हे काका तिथून दीड तासाच्या रेल्वेप्रवासावर, मिलवॉकीच्या एका उपनगरात असतात. मूळचे इचलकरंजीचे. इथल्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून घरी बिअर करतात आणि मोडक्या, जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंपासून बिअरच्या नळांच्या मुठी करतात. मंडळात त्यांची ही दुसरी ओळख थोड्यांनाच माहीत आहे. विषय कळवल्यावर ते फोनवर एवढंच म्हणाले, "शुक्रवारी सकाळी ये. आधी एका घरी जायचंय."

खुंटा, रुमणं, कान, कडी

इंग्रजीत हँडल या एका शब्दावर भागतं. आपल्याकडे जात्याला खुंटा असतो, नांगराला रुमणं, कुऱ्हाडीला दांडा, तलवारीला मूठ, कढईला कान आणि बादलीला कडी. हात त्या वस्तूशी काय करणार आहे, हे नावातच असतं. खुंटा फिरवायचा, रुमण्यावर भार द्यायचा, कान चिमटीत किंवा फडक्यात धरायचे. बिअरच्या नळावर जे उभं असतं ते वरून धरून आपल्याकडे ओढायचं असतं. काका त्याला दांडी म्हणतात. आपली खरी मूठ तिच्या वरच्या भागावर पडते, म्हणून मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

दांडीखाली काय घडतं ते काकांनी एक नळ उघडून, सुटा करून दाखवलं. पिंप फ्रीझरमध्ये साधारण तीन अंशांवर थंड असतं. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड वरून दाब देतो आणि बिअर बारीक नळीतून नळाच्या पाठीशी येऊन थांबते. नळात एक छोटी तरफ आहे. तिचं वरचं टोक बाहेर असतं, खालचं टोक आतल्या दट्ट्याला धरून असतं. वरचं टोक पुढे ओढलं की दट्ट्या मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. ही तरफ नेहमी पूर्ण ओढायची. अर्धवट ओढली तर बिअर चिंचोळ्या फटीतून घुसळत येते, तिच्यातला वायू सुटतो आणि पेल्यात फेसच फेस होतो. नवशिका माणूस नेमका इथे चुकतो. घाबरत घाबरत दांडी थोडीशी कलती करतो.

"म्हणून मूठ हातात आत्मविश्वासाने बसली पाहिजे," काका म्हणाले. "चिमटीत धरायची वस्तू असली की माणूस चिमटीनंच ओढणार."

तरफेच्या वरच्या टोकावर आटे आहेत. अमेरिकेत या आट्यांचं माप ठरलेलं आहे, तीन अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १६ आटे. दांडी कुणाचीही असो, तिच्या बुडात याच मापाचे आटे हवेत. ते असले की मिलवॉकीच्या नळावर कॅलिफोर्नियाची दांडी बसते. आपल्याकडच्या वर्कशॉपात अष्टमांश इंचाला सूत म्हणतात, आणि काका अजून तोच शब्द वापरतात. तीन सूत. सुताच्या गावात वाढलेल्या माणसाच्या तोंडी हे माप ऐकताना मला फार बरं वाटलं.

एका बारमध्ये अनेक नळ

दांडीवर नाव, चित्र, आकार असं काही का असावं, याचं उत्तर अमेरिकेच्या दारूबंदीपाशी आहे. बंदीच्या आधी पुष्कळसे सलून एकेका ब्रुअरीच्या पैशावर चालत. तिथे एकाच कंपनीची बिअर मिळे, मग नळावर नाव कशाला? १९३३ साली बंदी उठली तेव्हा ब्रुअरीने बार अंकित ठेवायची पद्धत कायद्याने मोडली. एकाच बारमध्ये निरनिराळ्या कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी आले. आता कुठल्या नळातून काय येतंय ते गिऱ्हाइकाला दिसणं भाग होतं, नाहीतर महागड्या नावाखाली स्वस्त बिअर ओतणं सोपं. म्हणून नळावर चेंडूच्या आकाराच्या मुठी आल्या, बेकेलाइटच्या, दर्शनी बाजूला ब्रुअरीच्या नावाची मिनाकामाची चकती बसवलेल्या. काकांकडे तसा एक काळा गोळा आहे. चकती निघून गेली आहे, पण बेकेलाइट अजून गुळगुळीत आहे. हातात घेतला की थोडा ऊबदार लागतो, धातूसारखा गार नाही.

पुढे दांड्या उंच होत गेल्या, कारण गर्दीच्या बारमध्ये तिसऱ्या रांगेतून दिसायला हव्यात. अटलांटाच्या स्वीटवॉटर ब्रुअरीचा रंगीत ट्राउट मासा दुरून ओळखू येतो. असे मासे, भुतं, हात, मनोरे साच्यात रेझिन ओतून काढतात. त्यांत काही सुंदर असतात, पण त्यांना घडवताना हाताचा विचार झालेला नसतो, डोळ्याचा झालेला असतो. धारदार पर आणि शिंगं तळव्याला टोचतात. दिवसभर शेकडो पेले भरणाऱ्या माणसाला विचारलं तर तो हे लगेच सांगेल.

दुधाच्या टाक्या, कोल्ड्रिंकची पिंपं

जुन्या वस्तूची दांडी करणं हा कुणा एकट्याचा नाद वाटू शकतो. पण अमेरिकेतली आजची छोट्या ब्रुअऱ्यांची सगळी चळवळच भंगारातून उभी राहिली आहे. १९७६ साली जॅक मॅकॉलिफ या माजी नौसैनिकाने कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे न्यू अल्बियन ही ब्रुअरी काढली. तेव्हा छोट्या ब्रुअरीच्या मापाची यंत्रं कुणी बनवतच नव्हतं. त्याने दुग्धशाळांची जुनी भांडी आणि कोका-कोलाच्या सिरपची पिंपं आणून, कापून, जोडून कारखाना उभा केला. ती ब्रुअरी १९८२ मध्ये बंद पडली, पण तोवर इतरांना वाट दिसली होती. चिको गावात केन ग्रॉसमन आणि पॉल कामुसी यांनी सिएरा नेवाडा ब्रुअरी उभारली तीही दूधडेअरीच्या टाक्या जोडूनच. १९८० मध्ये त्यांचा पहिला घाणा निघाला. आज या देशात नऊ हजारांहून जास्त ब्रुअऱ्या आहेत.

घरच्या घरी बिअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली तीही याच काळात. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये कायद्यावर सही केली. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते, एकटा असेल तर १००. विकता मात्र येत नाही. काका हा हिशेब वहीत ठेवतात. तेवढी करत नाहीत, तरी ठेवतात.

काकांच्या फ्रीझरमधली पिंपंही मुळात बिअरची नव्हेत. उंच, सडपातळ, १९ लिटरची, स्टेनलेस स्टीलची ही पिंपं कोल्ड्रिंकचं सिरप हॉटेलांत पोचवण्यासाठी होती. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना इथे कॉर्नी म्हणतात. पेप्सीच्या पिंपाची जोडणी वेगळी, कोकची वेगळी, त्यामुळे तोंड पाहिलं की पिंपाचा पूर्वजन्म कळतो. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागलं आणि ही भक्कम पिंपं ढिगांनी निकामी झाली. घरगुती बिअर करणाऱ्यांनी ती उचलली. तिसऱ्या पिंपात, लाटण्याच्या नळामागे, काकूंचा कोकम सोडा असतो. मंडळाच्या कार्यक्रमांत मुलांची रांग त्याच नळापुढे लागते. म्हणजे तेवढं एक पिंप आपल्या मूळ कामावर परतलं आहे.

ते लाटणं काकूंच्या आईचं. एका बाजूची मूठ तुटली म्हणून चाळीस वर्षांपूर्वी बाद झालं, पण टाकवलं नाही. काकांनी तुटक्या बाजूलाच आटे बसवले. "मी म्हटलं होतं, भोक पाडलंत तर याद राखा," काकू चहा देताना म्हणाल्या. "आता सगळी मुलं ते लाटणं ओढतात, तर मलाच बरं वाटतं बघ."

तळघरातली भिंत

शुक्रवारी सकाळी साडेसातला आम्ही एका अनोळखी घरासमोर रांगेत उभे होतो. इथे त्याला इस्टेट सेल म्हणतात. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं, मुलं दूरगावी असली की घरातलं सारं सामान चिठ्ठ्या लावून दोन-तीन दिवस विकायला काढतात. दाराशी नंबर मिळतो, थोडेथोडे लोक आत सोडतात. बहुतेक जण कपाटं, काचेची भांडी, दागिने पाहायला धावतात. काका सरळ जिना उतरून तळघरात जातात.

मी अशा घरात पहिल्यांदाच गेले. स्वयंपाकघरातल्या खणात चमचे होते, प्रत्येकी पाव डॉलर. पलंगावर घडी घातलेल्या चादरी होत्या. परक्या माणसाच्या संसारात असं दिवसाढवळ्या हिंडणं मला जड गेलं, आणि ते काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मलाबी जातं. म्हणून मी वरच्या खोल्यांत फिरत नाही."

तळघरात कामाचं बाक होतं आणि त्यामागे भोकांची फळी. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पेन्सिलने काढलेली होती, म्हणजे वापरून झाल्यावर हत्यार नेमक्या जागी परतावं. करवतीची आकृती, पकडीची आकृती, हातोड्यांच्या तीन. बरीच हत्यारं आधीच उचलली गेली होती. आकृत्या रिकाम्या होत्या.

काकांनी एक हातोडी उतरवली, उलटीसुलटी करून पाहिली नाही, नुसती धरली. डोळे मिटून धरली. मग माझ्या हातात दिली. दांड्याच्या एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा होता, उथळ, चकचकीत. माणसाच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं तिथे टेकून लाकूड झिजवलं होतं. माझा अंगठा आपोआप त्यात गेला.

"डावखुरा होता," काका म्हणाले.

हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काकांच्या मागे इतक्या लांब का आले. नळावर काहीही चिकटवता येतं, बाहुलीचं डोकं, खेळण्यातली मोटार, दाराचं कुलूप. इंटरनेटवर त्यांच्या तसबिरी असतात आणि लोक त्या पाहून हसतात. काका तसलं काही घेत नाहीत. त्यांची अट एकच आहे, वस्तूने आधी कुणाच्या तरी हातात काम केलेलं असावं. ज्या आकाराला हाताने घासून घासून आपल्यासारखं केलं आहे, तो आकार दुसऱ्या हातालाही कळतो. मला ही अट सौंदर्याची वाटते आणि न्यायाचीही. ते कसब संपलं, तो कारखाना गेला, तो माणूस गेला. झिजलेला दांडा मात्र अजून चांगला आहे, आणि त्याला शोकेसमध्ये ठेवण्यापेक्षा धरायला हात देणं मला जास्त योग्य वाटतं.

हातोडी दोन डॉलरला मिळाली. एक पेटीभर कानशी तीन डॉलरला. रंगवलेली एक जुनी लाकडी मूठ मला आवडली होती, ती त्यांनी परत ठेवायला लावली. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं. त्याआधीचा रंग घासला की शिशाची धूळ उडते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही ते घेत नाहीत, कारण त्यांत क्रिओसोट मुरलेलं असतं आणि ते हाताला बरं नव्हे. दांडी बिअरला शिवत नाही हे खरं, पण ओतणाऱ्याच्या ओल्या तळव्याला रोज शिवते.

पावणेपाच इंच

परत आल्यावर त्यांनी मला एक फसलेली दांडी दाखवली. मिलवॉकी हे बोलिंगचं गाव. इथल्या होलर हाउस या जुन्या बारच्या तळघरात १९०८ सालच्या दोन लेन आहेत, जिथे पडलेल्या पिना माणसं हाताने उभ्या करत आली आहेत. एक बोलिंग हॉल मोडला तेव्हा काकांनी पाच पिना आणल्या. पीन १५ इंच उंच, आतून मेपलची, दीड किलोहून जड, आणि पोटाशी तिचा व्यास पावणेपाच इंच. नळांमधलं अंतर साधारणपणे तीन इंच असतं. पीन बसवली की शेजारच्या नळाला हातच घालता येत नाही.

वजनाची अडचण त्याहून मोठी. बंद नळावर दांडी जवळजवळ उभी असते. वर भार जास्त झाला की धक्क्याने, कधी झाकण आपटल्याने, ती पुढे कलंडते आणि नळ स्वतःहून उघडतो. काकांच्या बाबतीत हे रात्री घडलं. सकाळी १९ लिटर बिअर जमिनीवर होती आणि गॅरेजभर आंबूस वास. महिन्याची मेहनत, माल्ट, वाट पाहणं, सगळं मोरीत. त्यावर उपाय म्हणून नळाच्या मानेत स्प्रिंग घालता येते, ती तरफेला मागे खेचून धरते. पण मग ओढताना जोर लागतो, आणि काकांना ते पटलं नाही. त्यांनी पीन मानेखाली कापली. डोकं अडीच इंचाचं, मान त्याहून बारीक. उरलेला तुकडा हलका झाला, रुंदीत बसला आणि मुठीत असा आला की तो मुळात त्यासाठीच कातला असावा. कापलेली पोटं त्यांनी ठेवली आहेत. त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

आटे बसवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत एका टोकाला लाकडाचे आणि दुसऱ्या टोकाला यंत्राचे आटे असलेला बोल्ट दांडीच्या बुडात पिळतात, त्यावर क्रोमची टोपी चढवतात, आणि ती टोपी नळावर बसते. दुसरीत बुडात जवळजवळ चार सुतांचं भोक पाडून त्यात पितळी बूच बसवतात. बुचाला बाहेरून लाकूड पकडणारे खोल आटे आणि आतून ते तीन सूत. काकांना पितळी बूच आवडतं. अवघड भाग भोकाचा आहे. दांड्याच्या बुडाशी लाकडाच्या रेषा उभ्या असतात. भोक थोडं लहान राहिलं तर बूच पिळताना लाकूड रेषेवर चिरतं, मोठं झालं तर बूच फिरत राहतं. आणि भोक अक्षावर हवं. एक अंश तिरकं गेलं तरी बारा इंच वर गेल्यावर दांडी वाकडी दिसते.

यासाठी ते ओळंबा वापरतात. गवंड्याचा साधा ओळंबा, पितळी, इचलकरंजीहून आणलेला. वस्तू व्हाइसमध्ये धरायची, दोन बाजूंनी ओळंब्याशी ताडून पाहायची, मग ड्रिल. झिजलेल्या वस्तू कधीच सरळ नसतात, म्हणून मध्य मापाने काढता येत नाही. तो डोळ्याने ठरवावा लागतो. वॉर्निशही जपून लावायचं, पाणी अडेल इतकंच. जाड थर दिला की अंगठ्याचा खळगा भरून जातो, आणि मग ती वस्तू आणायलाच नको होती.

कधी काहीच करावं लागत नाही. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या काही गिअरच्या मुठींना तेच तीन सूत, सोळा आटे असतात. भंगारातल्या गाडीची मूठ काढली आणि सरळ नळावर फिरवली की झालं. काकांनी ते माझ्यासमोर करून दाखवलं. चार वेढ्यांत ती बसली.

नदीकाठची ब्रुअरी

दुपारी त्यांनी मला लेकफ्रंट ब्रुअरीत नेलं. क्लिश बंधूंनी १९८७ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी आता नदीकाठच्या एका जुन्या, एके काळी कोळशावर चाललेल्या वीजघरात आहे. टाक्यांना लॅरी, मो आणि कर्ली अशी सिनेमातल्या तीन विदूषकांची नावं आहेत. आत एक लाकडी झोपडीवजा घर टांगलेलं दिसतं. गावाच्या बेसबॉल संघाचा मिशाळ शुभंकर, बर्नी ब्रुअर, जुन्या काउंटी स्टेडियममध्ये त्यात बसायचा आणि होमरन झाला की घसरगुंडीवरून बिअरच्या मगात उतरायचा. स्टेडियम पाडलं, घर इथे आलं. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला ते बोटाने दाखवत होते आणि कुठल्या वर्षी कुणाचा फटका पाहिला ते सांगत होते.

काकांचं लक्ष नळांकडे होतं. बहुतेक नळ याच गावात १९१७ पासून चाललेल्या पर्लिक कंपनीचे असतील, असं त्यांचं मत पडलं. ओतणाऱ्या मुलीचा हात ते बराच वेळ पाहत होते. ती दांडी वरून धरत नव्हती. मनगट न वाकवता तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात घेऊन एका झटक्यात पुढे आणत होती. त्यांनी खिशातल्या वहीत त्या बेचक्याचं चित्र काढलं.

देवळालीचा ताप

तिथे बसल्यावर बोलणं पुण्याकडे वळलं. २००९ मध्ये पुण्यात डूलॅली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि तिथून महाराष्ट्रात ताज्या बिअरची चव कळलेली एक पिढी तयार झाली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने, कंटाळ्याने, आजाराने काहींचं डोकं फिरे. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. यातला टॅप म्हणजे आपला ताप. नळाचा टॅप वेगळा, पण दोन्ही एकाच शब्दासारखे कानावर पडतात.

काका यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. "वाट बघत पडून राहणं वाईटच," ते शेवटी म्हणाले. "माणसाला काय नि हत्याराला काय."

धोटा

संध्याकाळी त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. होडीच्या आकाराचं काळपट, जड लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी निमुळती टोकं, मधे पोकळी आणि पोकळीत एक कांडी. यंत्रमागाचा धोटा. काकांचे वडील इचलकरंजीत जॉबर होते, मागांची दुरुस्ती करणारे. साध्या मागावर हा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो आणि उभ्या धाग्यांतून आडवा धागा ओढून नेतो. गावभर ऐकू येणारी ती खटखट म्हणजे याचं दोन्ही बाजूंच्या पेट्यांवर आदळणं. सेटिंग बिघडलं की धोटा मागातून बाहेर उडतो. पोलादी टोकानिशी. त्याने डोळा गेलेली माणसं काकांनी लहानपणी गल्लीत पाहिली आहेत.

"वडील घरी आले की आई आधी त्यांच्या तोंडाकडं बघायची," ते म्हणाले. "मग पाणी द्यायची."

आता रॅपियर आणि एअरजेट आले. त्यांना धोटा लागत नाही. साधे माग किलोच्या भावाने भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर धोटेही. भावाने घरचे माग विकले तेव्हा हा एक बाजूला काढून ठेवला. काका तो बॅगेत घालून इथे घेऊन आले आणि वर्षभर त्याला हात लावला नाही. भोक पाडायचं म्हणजे एक टोक काढावं लागणार होतं.

टोक काढायला अर्धा तास गेला. ते लाकडात खोल रुतलेलं होतं. काकांनी ठोकलं नाही. धरून, थोडं फिरवून, थांबून, पुन्हा फिरवून सैल केलं. टोक सुटलं तेव्हा आतलं लाकूड वेगळ्याच रंगाचं निघालं, लालसर, ताजं. उन्हातेलाने काळवंडण्याआधी सगळा धोटा असाच असणार. टोकाच्या जागी खड्डा आयता होता. तो मोठा करून त्यांनी पितळी बूच बसवलं. ओळंबा दोनदा धरला. रुंदी मोजली, दोन इंचांच्या आत. वजन हातावर तोललं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे चालण्याजोगं होतं.

कांडीवर थोडं सूत शिल्लक होतं, पांढरं होतं ते आता पिवळट झालेलं. मी विचारलं, हे काढायचं का? "राहू दे. वॉर्निश लावताना कांडी बाहेर काढीन, परत घालीन."

नळावर फिरवून घट्ट केल्यावर धोट्याची पोकळी भिंतीकडे तोंड करून थांबली. दांड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. आटे जिथे संपतात तिथे वस्तू थांबते, तिचं तोंड कुठे आहे ते आटे पाहत नाहीत. यासाठी बुडाशी एक वेगळा नट असतो. काकांनी वेढा उलटा घेतला, पोकळी पुढे आली तिथे धोटा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने नट वर आवळला. कांडी आमच्या समोर आली.

पेला मी धरला. त्यांनी धोटा वरून पकडला, अंगठा पोकळीच्या काठावर आला. तिथली कड झिजून गोल झालेली होती. कांडी बदलताना मागवाल्याचा अंगठा तिथेच टेकतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एकाच दमात पूर्ण ओढलं. आधी फेस आला, मग स्वच्छ, गव्हाळ रंगाची धार.

दार उघडून काकू आत आल्या, नळाकडे बघितलं आणि हातातली ताटली बाकावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. काकांनी नळ बंद केला, फडक्याने धोट्यावरचे थेंब टिपले आणि खिशातून पुन्हा ओळंबा काढला. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"अजून केसभर डावीकडं आहे," ते म्हणाले, आणि पाना घेतला.